फुप्फुसीय रक्ताभिसरण

फुप्फुसीय रक्ताभिसरण म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूकडून निघालेले, प्राणवायू कमी झालेले रक्त फुप्फुसांत जाऊन, तेथे प्राणवायू घेऊन व कार्बन डायऑक्साइड सोडून हृदयाच्या डाव्या बाजूस परत येण्याची क्रिया होय. (मराठीत 'फुप्फुस' व 'फुफ्फुस' ही दोन्ही रूपे रूढ आहेत.) शरीराच्या इतर सर्व भागांना रक्त पुरविणाऱ्या अभिसरणास देहाभिसरण असे म्हणतात. ही दोन अभिसरणे एकामागून एक जोडलेली असल्याने एका मिनिटात जेवढे रक्त सर्व शरीरातून फिरते, जवळजवळ तेवढेच रक्त त्याच मिनिटात केवळ दोन फुप्फुसांतून जाते.

या एका गोष्टीत या विषयाची सारी अडचण सामावलेली आहे. माणूस धावू लागला की शरीर आतड्यांकडील व मूत्रपिंडांकडील रक्त कमी करून ते पायांच्या स्नायूंकडे वळवू शकते. फुप्फुसांना मात्र अशी निवड नसते. हृदयाने पाठविलेले सर्व रक्त त्यांना स्वीकारावेच लागते. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ५ ते ६ लिटर असणारा हा प्रवाह जोराच्या व्यायामात २० ते २५ लिटरपर्यंत जातो आणि कसलेल्या धावपटूंत त्याहूनही वाढतो. एवढे रक्त अत्यंत पातळ पडद्यांच्या जाळ्यातून जावे, तरी पडदा फाटू नये, त्यातून पाणी झिरपू नये आणि प्राणवायूही पुरेसा मिळावा, हे कसे साधते याचे विवेचन या लेखात केले आहे.

मार्ग आणि रचना

उजव्या जवनिकेतून निघणारी फुप्फुस रोहिणी लगेच दोन शाखांत विभागली जाते. प्रत्येक शाखा श्वासनलिकांच्या सोबतीने विभागत विभागत शेवटी वायुकोशांभोवतीच्या केशिकांत संपते. तेथून रक्त लहान नीलांत व पुढे चार फुप्फुस नीलांवाटे डाव्या कर्णिकेत येते. (मराठी पुस्तकांत हृदयाच्या कप्प्यांसाठी कर्णिका-जवनिका आणि अलिंद-निलय अशा दोन्ही जोड्या आढळतात. येथे पहिली जोडी वापरली आहे.)

विद्यार्थ्यांची येथे नेहमी एक गफलत होते. 'रोहिणीत शुद्ध रक्त व नीलेत अशुद्ध रक्त' हे पाठ केलेले वाक्य फुप्फुसांपाशी उलटे पडते. रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी आणि नीला म्हणजे हृदयाकडे रक्त आणणारी, एवढाच या शब्दांचा अर्थ आहे. प्राणवायू कमी असलेल्या रक्ताला 'अशुद्ध' म्हणण्याची सवयही सोडलेली बरी, कारण त्या रक्तात मळ किंवा दोष असा काही नसतो.

वायुकोशांची संख्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ३० ते ५० कोटी असते आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ ५० ते १०० चौरस मीटर भरते. त्यांच्या भिंतींत केशिका इतक्या दाट असतात की, त्यांतील रक्त सुट्या नळ्यांतून वाहण्याऐवजी एखाद्या पातळ पत्र्यासारखे पसरून वाहते, असे वर्णन केले जाते. हवा आणि रक्त यांमधील पडदा सर्वांत पातळ जागी सुमारे ०.३ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढा असतो. एवढ्या मोठ्या क्षेत्रावर कोणत्याही एका क्षणी पसरलेले केशिकांतील रक्त मात्र विश्रांतीच्या वेळी केवळ ७० ते ७५ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या कपाहून कमी असते.

खुद्द श्वासनलिकांच्या भिंतींचे पोषण महारोहिणीकडून येणाऱ्या वेगळ्या, लहान रोहिण्या करतात. त्यांतील काही रक्त प्राणवायू खर्चून थेट फुप्फुस नीलांत मिसळते. त्यामुळे निरोगी माणसाचेही रोहिणीतील रक्त प्राणवायूने शंभर टक्के संपृक्त नसते.

विश्रांतीतील प्रवाह

देहाभिसरणात रक्तदाब सामान्यतः १२०/८० मिमी पारा असतो. फुप्फुस रोहिणीत तो सुमारे २५/१० आणि सरासरीने १४ मिमीच्या आसपास असतो. डाव्या कर्णिकेतील दाब ८ मिमी धरला तर रक्ताला फुप्फुसांतून पलीकडे ढकलणारा दाबातील फरक अवघा ६ मिमी उरतो. मिनिटाला ५ लिटर रक्त एवढ्या अल्प दाबाने पुढे सरकते, याचा अर्थ या मार्गाचा रोध अत्यंत कमी, देहाभिसरणाच्या सुमारे एक दशांश किंवा त्याहूनही कमी आहे. उजव्या जवनिकेची भिंत डाव्या जवनिकेच्या भिंतीच्या मानाने पातळ असते त्याचे कारणही हेच. तिला जोर लावण्याची फारशी गरज पडत नाही.

दाब इतका कमी असल्याने साध्या गुरुत्वाकर्षणाचाही प्रवाहावर परिणाम होतो. उभ्या माणसाचे फुप्फुस वरपासून खालपर्यंत सुमारे ३० सेंटिमीटर असते. रक्ताचा एवढा उंच स्तंभ सुमारे २३ मिमी पाऱ्याएवढा दाब देतो, म्हणजे फुप्फुस रोहिणीतील सरासरी दाबाहून अधिक. परिणामी शांत उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसांच्या तळाशी भरपूर रक्त असते आणि शेंड्याकडे फार थोडे पोहोचते. तेथील पुष्कळ केशिका मिटलेल्या असतात किंवा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर क्षणभर उघडून पुन्हा मिटतात. इमारतीच्या वरच्या मजल्यावर नळाला पाणी कमी दाबाने येते, तसाच हा प्रकार आहे. हवासुद्धा तळाकडेच अधिक जाते, पण रक्ताइतक्या तीव्र फरकाने नव्हे. म्हणून शेंड्याकडे रक्ताच्या मानाने हवा जास्त आणि तळाशी हवेच्या मानाने रक्त जास्त अशी विषमता राहते. प्रौढ माणसातील क्षयरोग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात आढळतो, त्याचा संबंध तेथील प्राणवायूच्या जादा प्रमाणाशी जोडला जातो.

मिटलेल्या केशिकांची ही स्थिती अपव्ययासारखी वाटते, परंतु व्यायामाच्या वेळी हीच राखीव जागा उपयोगी पडते.

व्यायामातील प्रवाह

सकाळी मोतीबागेत झपाझप चालणारा जालनेकर आणि पोलीस भरतीसाठी मैदानावर १६०० मीटर धावण्याचा सराव करणारा तरुण यांच्या फुप्फुसांत घडणारे बदल एकाच जातीचे असतात, फरक प्रमाणाचा असतो. स्नायू प्राणवायू अधिक वापरू लागतात, हृदयाचे ठोके वाढतात, प्रत्येक ठोक्यात फेकले जाणारे रक्तही वाढते. विश्रांतीत शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरते. जोरात धावताना ही गरज ३००० मिलिलिटरपर्यंत किंवा त्यापुढे जाते. हा हिशेब दोन ठिकाणी भरून काढला जातो. एक म्हणजे प्रवाह चौपट होतो. दुसरे म्हणजे स्नायू रक्तातून तिप्पट प्राणवायू काढून घेतात. १०० मिलिलिटर रक्तामागे एरवी ५ मिलिलिटर प्राणवायू काढला जात असेल, तर आता १५ मिलिलिटर काढला जातो. चार गुणिले तीन, म्हणजे बारा पट.

यातून फुप्फुसांवर दुहेरी भार येतो. येणारे रक्त पूर्वीपेक्षा अधिक रिकामे झालेले असते, आणि ते येतेही अधिक वेगाने. विश्रांतीत फुप्फुसांकडे आलेल्या रक्ताची संपृक्तता सुमारे ७५ टक्के असते, तीव्र व्यायामात ती ३० टक्क्यांच्या खाली जाऊ शकते.

वेळेचा हिशेब कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. मिनिटाला ६ लिटर म्हणजे सेकंदाला १०० मिलिलिटर. केशिकांत ७५ मिलिलिटर रक्त मावते, म्हणून प्रत्येक तांबडी पेशी सरासरी पाऊण सेकंद वायुकोशापाशी असते. निरोगी फुप्फुसात विश्रांतीच्या वेळी प्राणवायू भरून घ्यायला पाव सेकंद पुरतो. उरलेला अर्धा सेकंद ही शिल्लक. आता प्रवाह मिनिटाला २५ लिटर झाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ४१७ मिलिलिटर. केशिकांतील रक्त ७५ मिलिलिटरच राहिले असते, तर पेशीच्या वाट्याला ०.१८ सेकंद आला असता आणि ती अर्धवट भरूनच पुढे गेली असती. प्रत्यक्षात केशिकांतील रक्त वाढून सुमारे २०० मिलिलिटर होते. २०० भागिले ४१७ म्हणजे जवळपास अर्धा सेकंद. प्रवाह चौपट झाला तरी वेळ चौथाईवर न येता थोडाच घटतो.

केशिकांत ही वाढ दोन प्रकारे होते. आधी मिटलेल्या केशिका उघडतात, याला भरती म्हणता येईल, आणि उघड्या असलेल्या केशिका फुगून रुंद होतात. दाब थोडा वाढला की शेंड्याकडील केशिकांतही रक्त सतत वाहू लागते. त्यामुळे व्यायामात फुप्फुसांतील रक्ताची वाटणी अधिक समान होते. मार्ग वाढले आणि रुंद झाले की एकूण रोध घटतो. याच कारणाने निरोगी तरुणात प्रवाह चार-पाच पट वाढूनही फुप्फुस रोहिणीतील सरासरी दाब साधारणतः दुपटीच्या आसपासच वाढतो. मिनिटाला एक लिटर प्रवाह वाढला की सरासरी दाब ढोबळमानाने एक मिमी वाढतो, असे प्रमाण निरोगी तरुणांत दिसते. वय वाढते तसे ते वाढत जाते.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. या दर्जाच्या धावपटूंत रक्तप्रवाह मिनिटाला ३० लिटरपर्यंत जाऊ शकतो. तो धरल्यास अशा एका शर्यतीत सुमारे २४० लिटर रक्त फुप्फुसांतून जाते. पाणी साठविण्याच्या दोनशे लिटरच्या पिंपात ते मावणार नाही.

फुप्फुसे मात्र सरावाने स्नायूंसारखी वाढत नाहीत. नियमित सरावाने हृदय मोठे व सक्षम होते, रक्ताचे आकारमान वाढते, स्नायूंतील केशिका वाढतात. फुप्फुसांचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच राहते. म्हणून काही उत्तम धावपटूंत एक वेगळीच स्थिती येते. हृदय एवढे रक्त पाठवते की पेशींना वेळ अपुरा पडतो आणि समुद्रसपाटीवरही रोहिणीतील प्राणवायू काहीसा घटतो. सामान्य माणसाची मर्यादा हृदय ठरवते, अशा निवडक खेळाडूंची मर्यादा अंशतः फुप्फुसेही ठरवतात. उजव्या जवनिकेलाही दीर्घ व्यायामात विश्रांतीच्या मानाने डाव्या जवनिकेपेक्षा अधिक ताण सोसावा लागतो.

या मर्यादेचे ठळक उदाहरण घोड्यांत दिसते. मुंबईच्या महालक्ष्मी किंवा पुण्याच्या शर्यतीच्या मैदानावर धावतात त्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांत पूर्ण वेगाच्या वेळी फुप्फुस रोहिणीतील सरासरी दाब १०० मिमीच्या वर जातो. एवढा दाब पातळ पडद्यास सोसत नाही. केशिका फुटतात आणि शर्यतीनंतर श्वासमार्गात रक्त आढळते, क्वचित नाकातूनही येते. मनुष्याने वेगासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घोड्याचे हृदय वाढविले, पण पडद्याची जाडी वाढविणे त्याला शक्य नव्हते. पडदा जाड झाला असता तर प्राणवायूच पुरेसा आत गेला नसता.

प्राणवायू कमी असताना

देहातील रक्तवाहिन्या प्राणवायू कमी पडला की रुंदावतात, कारण तेथे अधिक रक्त हवे असते. फुप्फुसांतील वाहिन्या याच्या उलट आकुंचन पावतात. १९४६ साली स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर व गोरान लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवरील प्रयोगांतून हे स्पष्टपणे दाखविले. यामागील सोय अशी की, फुप्फुसाचा एखादा भाग कफाने किंवा न्यूमोनियाने बंद पडला, तर तेथील वाहिन्या आकसून रक्त हवेशीर भागाकडे वळते.

ही सोय उंच प्रदेशात गैरसोय ठरते. तेथे प्राणवायू एखाद्या भागात कमी नसतो, तो सर्वत्रच कमी असतो, त्यामुळे फुप्फुसभर वाहिन्या आकसतात व दाब वाढतो. हे आकुंचन सर्वत्र सारखे नसते. जेथील वाहिन्या कमी आकसतात तेथील केशिकांवर रक्ताचा सारा लोंढा येतो आणि पाणी वायुकोशांत झिरपते. यास अतिउंचीवरील फुप्फुसशोथ म्हणतात. १९६० साली चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकी वैद्य-गिर्यारोहकाने त्याचे वर्णन केल्यावर हा विकार पाश्चात्त्य वैद्यकात ठळक झाला. भारतात १९६२ च्या चीन युद्धात मैदानी मुलखातील सैनिक अल्पावधीत हिमालयात पोहोचविले गेले. भारतीय सैन्यदलातील इंदरसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली सैनिकांतील या विकाराचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो या विषयातील पायाभूत अभ्यासांपैकी मानला जातो.

जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. हा विकार बहुधा २५०० मीटरच्या वर होतो, म्हणून राज्यातील कोणत्याही डोंगरावर त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परंतु विमानाने थेट सुमारे ३५०० मीटर उंचीवरील लेहला उतरणारे पर्यटक आता आपल्याकडून मोठ्या संख्येने जातात. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी या सूचनेचा आधार वर सांगितलेली क्रिया हाच आहे. उंचीमुळे आधीच वाढलेल्या दाबात व्यायामाने वाढलेल्या प्रवाहाची भर पडू नये, हा तिचा हेतू. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी कफ येणे, ओठ निळे पडणे ही लक्षणे दिसल्यास प्राणवायू देणे व त्वरित खाली उतरविणे हाच मुख्य उपाय आहे. तरुण व काटक माणूस यातून सुटतो, असा समज चुकीचा आहे. काटक माणूस पहिल्याच दिवशी अधिक चालतो आणि अधिक धोक्यात येतो.

फुप्फुसे कोरडी कशी राहतात

केशिकांतील दाब सुमारे ८ ते १० मिमी असतो आणि रक्तातील प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ओढ सुमारे २५ मिमीएवढी. या तफावतीमुळे, तसेच झिरपलेले थोडे पाणी लसिका वाहिन्या वाहून नेत असल्यामुळे वायुकोश कोरडे राहतात. व्यायामात दाब वाढला तरी निरोगी माणसात पुरेशी शिल्लक उरते.

ही शिल्लक कशी संपते ते संधिवाती ज्वरानंतरच्या हृदयविकारात दिसते. लहानपणी घशाला झालेल्या विशिष्ट जंतुसंसर्गानंतर काही मुलांत सांधे सुजून ताप येतो आणि पुढे काही वर्षांनी डाव्या कर्णिका व जवनिका यांमधील झडप जाड व अरुंद होते. भारतात हा विकार अजून संपलेला नाही. त्या झडपेचे मुख एरवी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते दीडपर्यंत आले की रक्त पुढे जाण्यास अडते आणि डाव्या कर्णिकेतील वाढलेला दाब मागे फुप्फुसांतील केशिकांत पोहोचतो.

शांत बसलेल्या रुग्णाला याची जाणीवही नसते. ठोके वाढले की प्रसंग ओढवतो. मिनिटाला ७२ ठोके असताना एका ठोक्यास ०.८३ सेकंद मिळतो, १४४ झाले की निम्मा. ही काटछाट मुख्यतः हृदयाच्या विश्रामकाळात होते आणि अरुंद झडपेतून रक्त जाण्याची वेळ नेमकी तीच असते. प्रवाह वाढलेला, वाट अरुंद आणि वेळ कमी, अशा तिहेरी कारणाने केशिकांतील दाब काही मिनिटांत २५ मिमीच्या पुढे जातो. मुलगी ८०० मीटरचा सराव करताना इतरांआधी धापा टाकते आणि 'हिला दमच नाही' असे म्हणून घरचे सोडून देतात. पुढे गरोदरपणात रक्तप्रवाह ३० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तेव्हा तीच झडप प्राणावर बेतते. समवयस्कांच्या मानाने लवकर लागणारी धाप, आडवे झाल्यावर वाढणारा दम किंवा खोकल्यातून रक्त यांपैकी काहीही असल्यास छाती तपासून घ्यावी. स्टेथोस्कोप व हृदयाची सोनोग्राफी यांतून निदान होते आणि जपानचे कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फुग्याच्या पद्धतीने पुष्कळ रुग्णांची झडप छाती न उघडता रुंद करता येते.

धाप जाणवते कशी, याचे एक उत्तर भारतीय शास्त्रज्ञाकडून आले. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये दीर्घकाळ संशोधन केलेले अवतारसिंग पेंटल यांनी केशिकांलगतच्या सूक्ष्म चेतातंतूंचा शोध लावला. त्यांना 'जे ग्राही' म्हणतात. केशिकांभोवती पाणी साठू लागले की ते उद्दीपित होतात, श्वास उथळ व जलद होतो. हे ग्राही स्नायूंची हालचाल थोपवून माणसाला थांबायला लावतात, असे पेंटल यांचे प्रतिपादन होते.

चुलीचा धूर

दीर्घकाळ धूर आत गेल्याने वायुकोशांच्या भिंती व त्यांतील केशिका नष्ट होतात. भरती करायला राखीव केशिकाच उरत नाहीत, मग थोड्या श्रमानेही दाब चढतो आणि कालांतराने उजवी जवनिका थकते. डॉ. एस. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत या विकाराचा अभ्यास केला आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत तो आढळण्याचा संबंध चुलीच्या धुराशी जोडला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननेही धूम्रपान न करणाऱ्यांतील श्वसनविकारांकडे लक्ष वेधले आहे. पाय सुजणे हे या अवस्थेचे लक्षण असून ते बहुधा वयाच्या नावावर खपविले जाते.

शोधाचा इतिहास

उजव्या जवनिकेतील रक्त मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून डावीकडे जाते, असे ग्रीक वैद्य गेलेन मानत असे आणि हे मत हजार वर्षांहून अधिक काळ टिकले. तेराव्या शतकात कैरो येथील इब्न अल-नफीस यांनी ते नाकारून रक्त फुप्फुसांतूनच जाते असे लिहिले. युरोपात मायकेल सर्व्हेटस यांनी १५५३ मध्ये हीच गोष्ट एका धर्मविषयक ग्रंथात मांडली. त्या ग्रंथातील धर्ममतांमुळे त्यांना त्याच वर्षी जिनीव्हात जाळण्यात आले. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये संपूर्ण अभिसरण सिद्ध केले. तरी रोहिणी आणि नीला जोडणारा दुवा त्यांना दिसला नव्हता. तो १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

दाबाचे मापन

फुप्फुस रोहिणीतील दाब दंडावर पट्टा बांधून मोजता येत नाही. १९२९ मध्ये जर्मनीतील तरुण वैद्य वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी सरकविली आणि चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढविले. पुढे अमेरिकेत आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी ही पद्धत रुग्णांसाठी विकसित केली. तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्राथमिक अंदाज हृदयाच्या सोनोग्राफीने घेतात आणि पक्के निदान नळी घालूनच करतात. विश्रांतीतील सरासरी दाब २० मिमीहून अधिक असल्यास फुप्फुसीय उच्च रक्तदाब म्हणतात. पूर्वी ही मर्यादा २५ मिमी होती. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी व्यायामातील दाबालाही व्याख्येत स्थान दिले. प्रवाह मिनिटाला एक लिटर वाढताना सरासरी दाब ३ मिमीहून अधिक वाढत असेल, तर विश्रांतीतील आकडा सामान्य असला तरी ती वाढ विकृत समजतात.